नुसरत फ़तेह अली खाँ: पूर्ण लांबीची कव्वाली कशी ऐकावी, कशी बसवावी

षड्जपंचम (धागाकर्ता)

नुसरतसाहेबांचं नाव निघालं की हल्ली कुणीतरी पन्नास सेकंदांची चित्रफीत पुढे पाठवतं. वेगवान सरगम, वर उचललेला हात, तार सप्तकातला एक सूर, की संपलं. तो सूर मूळ गाण्यात येतो अठराव्या किंवा विसाव्या मिनिटाला. आधीची सगळी मिनिटं तिथे पोचायची तयारी करण्यात गेलेली असतात. ती कापली की उरतो नुसता मोठा आवाज. नुसरतसाहेबांचं खरं मोठेपण त्या कापलेल्या भागात आहे असं माझं ठाम मत आहे, आणि हा धागा त्याच भागासाठी काढला आहे.

आयुष्याबद्दल थोडक्यात. घराणं मूळचं जालंधरचं. फाळणीत कुटुंब लायलपूरला, म्हणजे आजच्या फ़ैसलाबादला गेलं आणि तिथे १३ ऑक्टोबर १९४८ रोजी नुसरत यांचा जन्म झाला. वडील उस्ताद फ़तेह अली खाँ आणि काका मुबारक अली खाँ ही त्या काळातली नावाजलेली जोडी होती. इक़बालचं काव्य कव्वालीतून लोकांपर्यंत नेणारी. मुलानं डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा मात्र आधी तबला शिकला, मग ख़यालाची तालीम घेतली. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. १९६४ मध्ये वडील गेले आणि त्यांच्या चाळिसाव्याला (मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या विधीला) नुसरत लोकांसमोर गायले. १९७१ मध्ये मुबारक अली गेल्यावर पार्टीचं, म्हणजे कव्वालांच्या संचाचं, नेतृत्व त्यांच्याकडे आलं. १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये हृदयक्रिया बंद पडून ते गेले. वय अवघं ४८.

आता मूळ मुद्दा. पूर्ण कव्वाली साधारण या टप्प्यांनी जाते:

आधी नग़मा, म्हणजे पेटी आणि तबल्यावर वाजवलेली धून. यात पट्टी ठरते, ठेका बसतो, मागची मंडळी सूर लावून घेतात. मग ताल थांबतो आणि मुख्य गायक आलापातून एखादी रुबाई, दोहा किंवा शेर मोकळ्या लयीत म्हणतो. मूळ कलामाचा, म्हणजे गायच्या काव्याचा, विषय इथे सूचित होतो. मग मुखडा, म्हणजे गाणं पुन्हा पुन्हा ज्यावर परततं ती ओळ, ठेक्यासह. कोरस तो उचलतो आणि टाळ्या सुरू होतात. त्यानंतर अंतरे, आणि अंतऱ्यांच्या मध्ये गिरह, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी काव्यातला शेर आणून मुखड्याला बांधणं. मग तकरार: श्रोत्यांना भिडलेली ओळ किंवा नुसता एक शब्द पुन्हा पुन्हा घेत राहणं. सरगम आणि तराणा त्याच्या आसपास कुठेही येतात. लय टप्प्याटप्प्यानं चढते आणि शेवटी सगळे मिळून मुखड्यावर येतात.

गिरह आपल्याकडच्या कीर्तन ऐकणाऱ्यांना लगेच कळेल. कीर्तनकार निरूपणाच्या अभंगाला दुसऱ्या संतांची प्रमाणं जोडत जातो आणि दरवेळी मूळ चरणावर परततो, तसंच काम आहे. नुसरतसाहेबांच्या डोक्यात उर्दू, पंजाबी, फ़ारसी आणि ब्रज काव्याचा इतका साठा होता की एकच कव्वाली दोन मैफलींत दोन वेगळ्या वाटांनी जाते.

डग्गा

उत्तम धागा. तबल्याचा मुद्दा अर्धाच राहिलाय, तो मी पुढे नेतो.

बहुतेक कव्वाली केहरव्यात असते (आठ मात्रा: धा गे ना ति, न क धि ना), काही दादऱ्यात (सहा मात्रा: धा धि ना, धा ति ना). ठेका साधा वाटतो आणि तो साधाच राहायला हवा, कारण त्यावर बाकी सगळं उभं असतं. नुसरतसाहेबांचे तबलजी दिलदार हुसैन यांचा तबला ऐका. वीस मिनिटं जवळपास तेच बोल वाजतात, पण डाव्याचा (डग्ग्याचा) दाब बदलत राहतो, अंतरा संपताना लग्गीचा (जलद बोलांचा) तुकडा येतो आणि मुखड्यावर उठाव घेऊन सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, धरली जाते. गायक सरगमेत शिरला की ते वाजवणं मुद्दाम कमी करतात. नवे तबलजी बरोबर उलटं करतात: गायकानं लयकारी (लयीचे खेळ) काढली की हेही लयकारी काढतात आणि सम कुणाच्याच हाती राहत नाही.

नुसरतसाहेबांची सरगम तबलजीच्या कानानं ऐकली तर उलगडते. नुसते स्वर मोजू नका, तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) कुठून उचलली ते पाहा. एक सोपं गणित देतो. केहरव्याची दोन आवर्तनं म्हणजे १६ मात्रा. १७ वी मात्रा म्हणजे पुढची सम. पाच स्वरांचा तुकडा घ्या, सा रे ग म प, दर मात्रेला एक स्वर. तुकडा, एक मात्रा रिकामी, तुकडा, एक रिकामी, तुकडा. ५+१+५+१+५ = १७. समेवरून सुरू केलं तर शेवटचा 'प' नेमका समेवर पडतो. हे हातावर ताल धरून म्हणून बघा. मग हेच दुगुनीत (दुप्पट वेगानं) म्हणा: दोन आवर्तनांचं काम एकाच आवर्तनात होतं. नुसरतसाहेब याच्या कितीतरी पुढची गणितं करतात. मात्रेच्या मधूनच तुकडा उचलतात, तिहाईच्या आत तिहाई लपवतात, आणि तरी कोरसला मुखडा कुठे घ्यायचा ते अचूक कळतं.

अजून एक. पंजाबात या साथीला डाव्यावर ओली कणीक लावायची जुनी रीत आहे, अगदी आपल्या पखवाजाच्या धुमाला लावतात तशी. त्यामुळे गुंजेचा आवाज खोल आणि रुंद होतो. कणीक घट्ट मळावी आणि नीट मध्यावर दाबून बसवावी. सैल झाली तर आवाज बसतो. पंख्याखाली वाळून तिला भेगा पडल्या की डावा चढतो आणि मधेच बोदा वाजायला लागतो. कार्यक्रम संपल्या संपल्या काढून टाकावी, नाहीतर पुडीला (वरच्या कातड्याला) ओल धरते.

नवखी

वाचनखूण साठवली. एक शंका: पंजाबी आणि फ़ारसी अजिबात कळत नाही. अर्धा तास ऐकताना कशाला धरून ठेवायचं? आणि सुरुवात कुठून करू?

मक्ता

@नवखी, मुखडा धरा. एकदा मुखड्याचा अर्थ समजला की बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. आधी तेवढ्या दोन ओळींचा अर्थ शोधून ठेवायचा आणि मग ऐकायला बसायचं. प्रत्येक शब्दामागे धावलात तर लय हातची जाते.

दुसरी मदत क्रमाची होते. रीतसर मैफलीत आधी हम्द (ईश्वराची स्तुती), मग नात (पैगंबरांची), मग मन्क़बत (हज़रत अली आणि सूफ़ी संतांची), आणि त्यानंतर प्रेमाचं, विरहाचं काव्य. दर्ग्यातल्या मैफलीत अमीर ख़ुसरोचा 'मन कुन्तो मौला' हा क़ौल (पैगंबरांच्या वचनावरची रचना) आणि त्याचीच 'रंग' ही रचना यांची जागा ठरलेली असते. हा क्रम ठाऊक असला की नुसतं गाणं कितवं आहे यावरून विषयाचा अंदाज बांधता येतो.

काव्य कुणाचं, हेही पाहत जा. बुल्ले शाह, शाह हुसैन या सूफ़ी कवींची पंजाबी काफ़ी (गेय कविता) एका बाजूला. ख़ुसरोची फ़ारसी आणि ब्रज रचना दुसऱ्या बाजूला. शिवाय नुसरतसाहेबांच्या काळातले उर्दू शायर. 'तुम इक गोरखधंधा हो' ही नाज़ ख़यालवींची नज़्म. 'तुम्हें दिल्लगी' पुरनम इलाहाबादींची. 'मेरे रश्के क़मर' फ़ना बुलंदशहरींची. 'बादशाहो' (२०१७) चित्रपटामुळे बऱ्याच जणांना ती नवी रचना वाटते, पण चाल आणि मूळ गायन नुसरतसाहेबांचंच आहे.

'गोरखधंधा' अवश्य ऐका, पण पहिल्याच दिवशी नको. ती जवळपास अर्ध्या तासाची आहे आणि तिचा सगळा जोर युक्तिवादावर आहे: तू सगळीकडे आहेस तर दिसत का नाहीस, असा थेट देवाशी वाद. नुसरतसाहेब तिथे तानांचा मारा करत नाहीत. शेर स्वच्छ सांगतात, थांबतात, मग मुखडा टाकतात. ज्यांना ते फक्त वेगाचे गायक वाटतात त्यांनी त्यातला संयम ऐकावा.

फीतवेडा

सुरुवातीसाठी ध्वनिमुद्रणं सुचवतो, कारण इथे लोक हमखास चुकतात.

१) जुलै १९८५, इंग्लंडमधल्या मर्सी बेटावरचा वोमॅड महोत्सव. पाश्चात्त्य श्रोत्यांपुढचा हा गाजलेला कार्यक्रम २०१९ मध्ये रिअल वर्ल्ड या ध्वनिमुद्रण कंपनीनं प्रसिद्ध केला. चार रचना आहेत: 'अल्लाह हू', 'हक़ अली अली', 'शाहबाज़ क़लंदर' आणि 'बीबा साडा दिल मोड़ दे'. मक्ता यांनी सांगितलेल्या क्रमाशी ताडून बघा: ईश्वर, अली, सेहवानचे सूफ़ी संत लाल शाहबाज़ क़लंदर, मग पंजाबी प्रेमगीत. समोरच्या गर्दीला भाषा येत नव्हती, तरी क्रम मोडलेला नाही.

२) पॅरिस, १९८५ आणि १९८८. फ्रान्सच्या ओकोरा कंपनीचे पाच भाग. माझ्या मते ध्वनीच्या दृष्टीनं सर्वांत प्रामाणिक. कोरस, टाळ्या, दोन्ही पेट्या वेगवेगळ्या ऐकू येतात आणि वरून प्रतिध्वनी फासलेला नाही. घराण्याची बांधीव, जुनी बाजू ऐकायची तर इथेच.

३) 'चेन ऑफ लाइट'. १९९० मध्ये रिअल वर्ल्डच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या आणि मग संग्रहात पडून राहिलेल्या फिती, २०२४ मध्ये बाहेर आल्या. 'या ग़ौस या मीराँ' ही रचना त्याआधी कुठेच प्रसिद्ध झालेली नव्हती.

आधीचा सगळा पसारा कॅसेटचा: फ़ैसलाबादचं रहमत ग्रामोफ़ोन हाउस, आणि ऐंशीच्या दशकापासून बर्मिंगहॅमची ओरिएंटल स्टार एजन्सीज़. आज जालावर फिरणाऱ्या बहुतेक प्रती या कॅसेटवरून उतरवलेल्या आहेत आणि तिथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, वेग. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं चालायला हवी. वाजवणारं यंत्र सुमारे ६ टक्के जलद चाललं की सगळं गाणं एक अर्धस्वर वर जातं. आवाज बारीक वाटतो, टाळ्या कोरड्या वाटतात, लोक म्हणतात 'तरुणपणचा आवाज'. तपासायचं असेल तर त्याच काळातल्या अधिकृत सीडीतला षड्ज पेटीवर शोधा आणि शंका असलेल्या प्रतीचा षड्ज त्याच पेटीवर शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर वेगाबद्दल शंका घ्यायला हरकत नाही.

दुसरी, लांबी. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. त्यापेक्षा लांब गाणं एकतर विरत जातं किंवा दोन बाजूंवर तोडलेलं असतं. उतरवणाऱ्यानं दुसरी बाजू जोडली नाही, तर शेवटची चढती लयच गायब. गाणं मुखड्यावर न येता विरलं तर पूर्ण प्रत शोधा. (वडील-काकांच्या पिढीची अडचण याहून मोठी. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं बसायची. त्यांची गिरहबंदी आपल्याला जवळजवळ ऐकायलाच मिळत नाही, ही खरी हळहळ.)

तिसरी, नंतर घुसडलेले ढोल आणि सिंथेसायझर. १९९७ नंतर असे प्रकार सर्रास झाले. ठेका यंत्रासारखा एकसारखा असेल, लय वीस मिनिटांत जराही चढत नसेल, तर ती प्रत सोडून द्या.

लोकल_प्रवासी

हे सगळं मान्य, पण गिटारवादक-निर्माता मायकेल ब्रुकबरोबरचं 'मस्त मस्त' (१९९०) आणि 'नाइट साँग' (१९९६) यांना भेसळ म्हणून मोडीत काढू नका. त्यातूनच जगभर नाव पोचलं. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडनं 'मस्त मस्त'ला दिलेलं नवं रूप तर क्लबांमध्ये वाजलं. 'बँडिट क्वीन'चं (१९९४) संगीत ऐका, शब्दांशिवाय नुसत्या आलापानं काय होतं ते कळेल. 'डेड मॅन वॉकिंग'मध्येही तेच.

मुंबईशी नातं तर अजून जुनं आहे. १९८० मध्ये राज कपूर यांनी ऋषी कपूर यांच्या लग्नात गायला त्यांना बोलावलं होतं. नंतर आपल्या चित्रपटवाल्यांनी चाली उचलल्या त्या वेगळ्या: 'मोहरा'चं 'तू चीज़ बड़ी है', 'याराना'चं 'मेरा पिया घर आया', 'राजा हिंदुस्तानी'चं 'कितना प्यारा तुझे रब ने बनाया'. स्वतः त्यांनी 'और प्यार हो गया'ला (१९९७) संगीत दिलं, जावेद अख़्तर यांच्याबरोबर 'संगम' केला, ए. आर. रहमान यांच्या 'वंदे मातरम'मध्ये गायले.

षड्जपंचम

@लोकल_प्रवासी, मोडीत काढत नाही. 'मस्त मस्त' करताना काय घडलं ते मात्र इथे नोंदवण्यासारखं आहे. ब्रुकनं जुळवाजुळव करताना काही ओळी मधेच कापल्या. कानाला त्या छान बसत होत्या, पण शब्द तुटून कलाम निरर्थक झाला होता. नुसरतसाहेबांना ते मान्य झालं नाही आणि काही ठिकाणी बदल करावे लागले. गिटार आणि पाश्चात्त्य तालवाद्यं चालली, कलाम तुटलेला चालला नाही. पुढच्या 'नाइट साँग'मध्ये ही जुळवाजुळव जास्त जपून केलेली जाणवते. मला तो 'मस्त मस्त'पेक्षा कितीतरी आवडतो.

चित्रपटांनी उचललेल्या चालींबद्दल एवढंच म्हणेन की मुखडा उचलता आला, गिरह उचलता आली नाही. चार-पाच मिनिटांत तिला जागाच नसते.

कोरस

आमच्यासारख्या हौशी मंडळींना पूर्ण कव्वाली बसवायची असेल तर काय लागतं ते लिहितो. नुसरतसाहेबांच्या पार्टीची रचना डोळ्यापुढे ठेवा. पुढच्या रांगेत मुख्य गायक, चुलतभाऊ मुजाहिद मुबारक अली, पेटीवर भाऊ फ़र्रुख़ आणि दुसरी पेटी. मागे तबला आणि टाळ्यांसह गाणारी मंडळी. १९८५ च्या इंग्लंड दौऱ्यात दहा-अकरा वर्षांचा पुतण्या राहतही होता. त्याचं काम शोभेचं नव्हतं. मुख्य गायक श्वास घेतो तिथे उंच सूर धरून ठेवायचा, तो पडू द्यायचा नाही.

आठ माणसं पुरेशी: मुख्य गायक एक, जोडगायक एक (दोघांपैकी एकानं पेटी घ्यावी), दुसरी पेटी, तबला, आणि कोरस चार. दोन पेट्या आधी एकत्र वाजवून बघा. जुन्या पेट्यांचे सूर एकमेकींशी जुळत नाहीत आणि ध्वनिवर्धकावर ते फार टोचतं. जुळत नसतील तर एकच ठेवा.

पट्टी मुख्य गायकाच्या सोयीनं ठरवतात आणि तिथेच घोटाळा होतो. मुखड्याचा सर्वांत वरचा सूर कोरसला वीस मिनिटांनंतरही खुल्या आवाजात लागला पाहिजे. मुखडा सलग दहा वेळा पूर्ण जोरानं म्हणून बघा. आठव्या वेळेला कोरस ओरडायला लागला तर पट्टी एक सूर खाली घ्या.

टाळी सगळ्यांत अवघड. लयीप्रमाणे दर दोन किंवा दर चार मात्रांना एक, तळवे किंचित पोकळ ठेवून. सपाट तळव्याची टाळी कडक वाजते आणि माइकमध्ये फुटते. टाळी कोरसपैकी एकानंच चालवायची, बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे बघायचं. प्रत्येकानं आपापल्या कानानं तबला ऐकून टाळी दिली की पाचव्या मिनिटाला ती सुटते.

लय आधी ठरवून ठेवा. मिनिटाला ८० ठोक्यांच्या आसपास सुरुवात, शेवट १२० ते १३०. चढवायची ती फक्त मुखड्यावर, तबलजीच्या उठावानंतर, एका वेळी थोडीशी. अंतऱ्याच्या मध्ये चढवली तर शब्द चिरडतात. पहिल्या पाच मिनिटांतच १२० वर गेलात तर पुढे जायला जागा उरत नाही. हौशी कार्यक्रम पडतात ते बहुधा इथे.

मक्ता

@कोरस, गिरहबद्दल भर घालतो. पहिल्या खेपेला तीनपेक्षा जास्त घेऊ नका. छंद मुखड्याशी जुळलाच पाहिजे असं नाही, कारण गिरह बहुतेकदा ठेका हलका करून मोकळी म्हणतात. अर्थ मात्र मुखड्यात जाऊन पूर्ण झाला पाहिजे. निवडलेला शेर आणि त्यापाठोपाठ मुखडा असं सलग गद्यात वाचा. वाक्य लागलं तर गिरह बसली. शेर सुंदर आहे पण वाक्य लागत नाही, तर तो दुसऱ्या कव्वालीसाठी ठेवा.

आणि कोरसला खूण द्या. शेराचा शेवटचा शब्द कोणता, हे प्रत्येकाच्या वहीत लिहिलेलं हवं. नुसरतसाहेबांच्या चित्रफिती आवाज बंद करून पाहा. हात पसरलेला असतो तेव्हा मागचे सगळे थांबलेले असतात. हात मांडीकडे आला की मुखडा पडतो.

नवखी

ओकोराचा पहिला भाग ऐकायला घेतला आहे. @डग्गा, १७ चं गणित दादऱ्यात कसं करायचं? तिथे दोन आवर्तनं १२ चीच होतात.

डग्गा

दोन आवर्तनं १२, म्हणजे सम १३ व्या मात्रेवर. तीन स्वरांचा तुकडा घ्या आणि मध्ये दोन-दोन मात्रा रिकाम्या सोडा: ३+२+३+२+३ = १३. सा रे ग, दोन मोजा, सा रे ग, दोन मोजा, सा रे ग, आणि शेवटचा 'ग' समेवर. रिकाम्या मात्रा तोंडानं 'एक, दोन' अशा मोजूनच सराव करा. मनात मोजलं की दुसरी मात्रा हटकून आखूड होते. पक्कं झालं की मोजणं बंद करा आणि समोर कुणालातरी नुसता ठेका धरायला बसवा.